किती आणि केव्हा : प्राण्यांच्या निवडीतील काळाचा हिशेब

अन्नासाठी प्राणी जी निवड करतो तीत नेहमी दोन राशी गुंतलेल्या असतात : हाती किती पडणार आणि ते केव्हा पडणार. दाण्यांची संख्या, अळीचा आकार किंवा मकरंदाची गोडी या गोष्टी डोळ्यांना आणि जिभेला थेट कळतात. अन्न मिळेपर्यंत जाणारा काळ मात्र कोणत्याही एका ज्ञानेंद्रियाचा विषय नसतो, तो मेंदूलाच मोजावा लागतो, स्मृतीत जपावा लागतो आणि पुढच्या निवडीच्या वेळी आठवून वापरावा लागतो. एखादी गोष्ट मोजताना मोजणाऱ्या साधनाचे गुणदोष मापात उतरतात, हे शास्त्रातले जुने तत्त्व येथेही लागू पडते. प्राण्यांच्या निवडीत जो उतावळेपणा, जी चंचलता किंवा जी जुगारी वृत्ती दिसते, तिचा उगम पुष्कळ अंशी त्यांच्या काळ मोजण्याच्या रीतीत आहे, असे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मानसशास्त्र आणि प्राणिवर्तनशास्त्र या दोन शाखांत झालेल्या प्रयोगांनी दाखवून दिले आहे.

दोन प्रकारची घड्याळे

प्राण्यांच्या शरीरात काळ मोजण्याच्या निदान दोन वेगळ्या यंत्रणा असतात. पहिली दिवस-रात्रीच्या चक्राशी बांधलेली असून तिला दैनिक जैविक घड्याळ म्हणतात. स्विस शास्त्रज्ञ ऑगस्ट फोरेल याने विसाव्या शतकाच्या आरंभी असे पाहिले होते, की घराबाहेर न्याहारी मांडली जाई त्या वेळेला मधमाश्या मुरंब्यासाठी येत, आणि न्याहारी मांडलेली नसली तरी त्याच वेळेला येऊन जात. पुढे म्यूनिक येथे कार्ल फोन फ्रिश यांची विद्यार्थिनी इंगेबोर्ग बेलिंग हिने १९२९ साली खुणा केलेल्या मधमाश्यांवर पद्धतशीर प्रयोग करून त्या ठरावीक वेळेला साखरपाण्याच्या ठिकाणी येण्यास शिकतात, हे सिद्ध केले. मात्र अन्नाची फेरी चोवीस तासांऐवजी एकोणीस तासांची केली तेव्हा त्यांना ती शिकता आली नाही. माक्स रेनर याने १९५५ मध्ये पॅरिस येथे बंद खोलीत शिकवलेल्या मधमाश्या विमानाने न्यूयॉर्कला नेल्या, तेव्हा त्या न्यूयॉर्कच्या सूर्याकडे न पाहता पॅरिसच्याच वेळेला अन्नासाठी बाहेर पडल्या. म्हणजे हे घड्याळ शरीराच्या आत चालते, यात शंका उरली नाही.

हे घड्याळ ‘कोणत्या प्रहरी’ हे सांगते, परंतु ‘किती वेळ झाला’ हे सांगण्यास ते पुरेसे नसते. काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंतचा कालावधी मोजणाऱ्या दुसऱ्या यंत्रणेला कालांतर-मापन म्हणता येईल; तिला सूर्योदयाशी देणेघेणे नसते, ती कोणत्याही घटनेपासून सुरू होऊ शकते, थांबू शकते आणि पुन्हा शून्यापासून चालू होऊ शकते. दोन बक्षिसांमधील निवडीत मुख्यतः हीच यंत्रणा कामी येते. बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगपेटीत तिचा साधा पुरावा मिळतो : दर मिनिट उलटल्यानंतरच्या पहिल्या टोचीला दाणा मिळेल, अशी व्यवस्था केली, की कबूतर दाणा मिळाल्यावर काही काळ स्वस्थ राहते आणि मिनिट भरत आले तसतशी त्याची टोचण्याची गती वाढत जाते.

प्रमाणात वाढणारी चूक

या अंतर्गत घड्याळाची अचूकता तपासण्यासाठी एक चतुर पद्धत वापरली जाते, आणि उंदरांवर ती वापरून सेथ रॉबर्ट्स याने १९८१ मध्ये केलेला प्रयोग विशेष प्रसिद्ध आहे. दिवा किंवा ध्वनी सुरू झाल्यापासून एका खुणेच्या बाबतीत २० सेकंदांनी आणि दुसरीच्या बाबतीत ४० सेकंदांनी दांडा दाबला, की अन्न मिळते, असे उंदराला शिकवले जाते. मग अधूनमधून अन्न न देताच ती खूण बराच वेळ चालू ठेवली जाते. अशा रिकाम्या फेऱ्यांत उंदराची दांडा दाबण्याची गती हळूहळू वाढत अपेक्षित क्षणाच्या आसपास शिखर गाठते आणि नंतर उतरते, म्हणजे अन्न ‘आता यायला हवे होते’ ही वेळ आणि ‘आता ती टळली’ ही जाणीव, दोन्ही त्या आलेखात उमटतात. याहून महत्त्वाचे असे, की ४० सेकंदांच्या आलेखाचे शिखर २० सेकंदांच्या आलेखाच्या जवळजवळ दुप्पट रुंद असते. काळ जितका लांब, तितकी त्याच्या मापातील चूकही त्याच प्रमाणात मोठी. सरासरीशी असलेले तिचे गुणोत्तर मात्र साधारण कायम राहते.

वजन, लांबी, प्रकाश यांच्या संवेदनेबाबत एर्न्स्ट वेबर या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात जो नियम मांडला होता, त्याचेच हे काळाच्या क्षेत्रातील रूप होय. कोलंबिया विद्यापीठातील जॉन गिबन यांनी १९७७ मध्ये या गुणधर्माभोवती एक गणिती सिद्धांत उभारला. त्याचे पुढे रसेल चर्च आणि वॉरन मेक यांच्या सहकार्याने जे विस्तृत रूप झाले, त्यात तीन भाग कल्पिलेले आहेत. पहिला भाग म्हणजे ठरावीक गतीने स्पंद सोडणारा स्पंदक आणि ते स्पंद साठवणारा संचायक. तळाला भोक असलेले घटिकापात्र पाण्यात ठेवले असता ते जसजसे भरत जाते तसतसा मुहूर्त जवळ येतो, तसे या संचायकात स्पंद जमत जातात. दुसरा भाग स्मृतीचा असून अन्न मिळाले त्या क्षणी जमलेली संख्या तेथे नोंदली जाते. अनेक फेऱ्यांनंतर स्मृतीत एकच आकडा राहत नाही, तर जवळपासच्या अनेक आकड्यांचा विखुरलेला साठा तयार होतो. तिसरा भाग तुलनेचा : चालू गणनेची स्मृतीतून उचललेल्या एखाद्या नोंदीशी तुलना करून ‘वेळ जवळ आली का’ याचा निर्णय तो देतो. उंदरांना उत्तेजक औषध दिले असता शिखर अलीकडे सरकते आणि डोपामाइनचे कार्य रोखणारे हॅलोपेरिडॉल दिले असता ते पलीकडे सरकते, असे मेक यांना आढळले. पहिल्या औषधाने स्पंदक जलद आणि दुसऱ्याने मंद होतो, असा याचा अर्थ लावला गेला.

विलंबाने घटणारे मोल

निवडीचा शास्त्रीय अभ्यास हार्वर्ड विद्यापीठातील रिचर्ड हर्न्स्टाइन यांच्या १९६१ च्या प्रयोगाने वेगळ्या वळणावर आला. कबुतरापुढे टोचण्याच्या दोन चकत्या ठेवल्या आणि प्रत्येकीवर कमीजास्त, आगाऊ न कळणाऱ्या कालांतराने दाणे मिळतील अशी व्यवस्था केली, तेव्हा कबुतराने आपल्या टोची दोन चकत्यांत जवळजवळ त्याच प्रमाणात वाटल्या ज्या प्रमाणात त्यांवर दाणे मिळत होते : एका चकतीवर दोनतृतीयांश दाणे मिळत असतील तर तिच्यावर सुमारे दोनतृतीयांश टोची. या संबंधाला जुळणीचा नियम म्हणतात. याचा अर्थ असा, की ठरावीक काळात कोठून किती मिळते, म्हणजेच मिळकतीचा दर काय आहे, हे प्राण्याच्या वागण्यावर राज्य करते. आणि दर काढण्यासाठी काळाचे माप असणे अपरिहार्य आहे.

मग प्रश्न उरतो तो थोडे पण लगेच आणि पुष्कळ पण उशिरा यांतील निवडीचा. हॉवर्ड रॅकलिन आणि लेनर्ड ग्रीन यांनी १९७२ मध्ये कबुतरांना असा पर्याय दिला, की एक चकती टोचल्यास लगेच २ सेकंद दाणे खाता येतील आणि दुसरी टोचल्यास ४ सेकंद थांबल्यावर ४ सेकंद खाता येतील. कबुतरे जवळजवळ नेहमीच लगेच मिळणारा लहान वाटा घेत. परंतु हीच निवड काही सेकंद आधी करून ठेवण्याची सोय दिली, म्हणजे आता एका बाजूला टोचले, की पुढे फक्त मोठ्या वाट्याचाच रस्ता उघडा राहील अशी योजना केली, तेव्हा मधला काळ पुरेसा मोठा असल्यास तीच कबुतरे मोठा वाटा निवडू लागली. लांबून पाहताना शहाणपणाची वाटणारी निवड जवळ आल्यावर पालटते, ही माणसांच्या बाबतीत सर्वांना परिचित असलेली गोष्ट कबुतरांतही मोजता येते, हे यावरून स्पष्ट झाले.

अर्थशास्त्रात भविष्यातील लाभाचे मोल ठरवताना दर साल ठरावीक टक्के वजावट धरण्याची रीत आहे, आणि तिला घातांकी वजावट म्हणतात. या रीतीत दोन लाभांमध्ये सारखाच विलंब वाढवला तर त्यांचे परस्परांशी असलेले प्रमाण बदलत नाही, त्यामुळे आवड पालटण्याला तीत जागाच नसते. कबुतरांचे वागणे तीत बसत नाही. जेम्स मेझर यांनी १९८० च्या दशकात एक निराळी पद्धत वापरली : लहान बक्षिसाचा विलंब कायम ठेवून मोठ्याचा विलंब कबुतराच्या निवडीनुसार थोडाथोडा कमीजास्त करत न्यायचा, आणि दोन्ही बाजू सारख्याच आवडू लागतात तो बिंदू शोधायचा. अशा अनेक बिंदूंवरून जे सूत्र निघाले ते असे : बक्षिसाचे मोल म्हणजे त्याच्या आकाराला ‘एक अधिक विलंबाचा काही पट’ या संख्येने भागल्यावर येणारा भागाकार. भूमितीत या वक्राला अपास्त म्हणतात; तो सुरुवातीला वेगाने कोसळतो आणि पुढे संथपणे उतरतो.

हा पट एक धरून वरील प्रयोगाचा हिशेब केला, तर लगेचच्या लहान वाट्याचे मोल २ भागिले १, म्हणजे २ येते, आणि ४ सेकंदांनंतरच्या मोठ्या वाट्याचे ४ भागिले ५, म्हणजे ०.८ येते, लहान वाटा सरस ठरतो. आता दोन्हींच्या आधी १६ सेकंदांची भर घातली, की लहान वाट्याचे मोल २ भागिले १७, म्हणजे सुमारे ०.१२ आणि मोठ्याचे ४ भागिले २१, म्हणजे सुमारे ०.१९ होते, आणि पारडे फिरते. या सूत्राचा गाभा भागाकार आहे, आणि अन्नाला काळाने भागणे म्हणजे दर काढणेच होय. जुळणीचा नियम आणि ही वजावट या एकाच हिशेबाच्या दोन बाजू आहेत, असे म्हणण्यास येथे आधार मिळतो.

अनिश्चित वेळ आणि अनिश्चित वाटा

घड्याळाची प्रमाणशीर चूक आणि निवड यांचा सांधा सर्वांत स्पष्टपणे दिसतो तो अनिश्चिततेच्या प्रयोगांत. एका बाजूला प्रत्येक वेळी २० सेकंदांनी दाणा आणि दुसऱ्या बाजूला कधी २ तर कधी ३८ सेकंदांनी तेवढाच दाणा, अशी कल्पना केली, तर दोन्हीकडचा सरासरी विलंब २० सेकंदच भरतो आणि दीर्घकाळात दोन्हीकडची मिळकतही सारखीच राहते. तरीही प्राणी अनिश्चित वेळेची बाजू निवडतात. हा कल कबुतरे, उंदीर आणि स्टार्लिंग यांच्यात पुनःपुन्हा दिसून आला आहे. स्टार्लिंग हा महाराष्ट्रात दिसणाऱ्या साळुंकी आणि भोरडी यांच्याच कुळातला, युरोपात सर्वत्र आढळणारा पक्षी होय. मात्र विलंब सारखा ठेवून अन्नाचे प्रमाण अनिश्चित केले, म्हणजे एकीकडे नेहमी चार दाणे आणि दुसरीकडे कधी दोन तर कधी सहा, तर प्राणी बहुधा निश्चित बाजू पसंत करतात किंवा दोन्हींना सारखेच मानतात. स्टार्लिंगवर हे दोन्ही प्रकार हुआन कार्लोस रेबोरेडा आणि ऑक्सफर्डचे अलेक्स काचेल्निक यांनी १९९१ मध्ये एकत्र तपासले. वेळेच्या बाबतीत जुगारी आणि वाट्याच्या बाबतीत सावध, असा हा दुहेरी स्वभाव वरकरणी कोड्यात टाकणारा आहे.

गिबन, चर्च, स्टीफन फेअरहर्स्ट आणि काचेल्निक यांनी १९८८ मध्ये विलंबित बक्षिसांच्या निवडीवर जो सिद्धांत मांडला, त्याच्या आधारे या कोड्याची उकल स्मृतीतील नोंदींच्या विखुरण्यावरून करता येते. प्राणी निवड करताना दोन्ही बाजूंच्या स्मृतिसाठ्यांतून प्रत्येकी एक नोंद उचलतो आणि जी कमी विलंबाची वाटेल ती बाजू घेतो, असे मानू. निश्चित बाजूच्या नोंदी २० च्या दोन्ही अंगांना सारख्या पसरलेल्या असतात. अनिश्चित बाजूच्या निम्म्या नोंदी २ च्या अगदी निकट दाटीने असतात, कारण लहान काळाची चूक लहान असते, आणि त्यांतली कोणतीही उचलली तरी ती २० हून कमीच भरते. उरलेल्या निम्म्या ३८ च्या भोवती असतात खऱ्या, परंतु मोठ्या काळाची चूक मोठी असल्यामुळे त्या लांबवर पसरलेल्या असतात, आणि त्यांतल्या काही निश्चित बाजूच्या नोंदीपेक्षाही लहान निघतात. परिणामी एकूण निवडींपैकी निम्म्याहून अधिक वेळा अनिश्चित बाजूच लवकरची वाटते.

अन्नाच्या प्रमाणाची स्मृतीही वेबरच्या नियमाने चालते, असे धरल्यास हेच गणित उलट फळ देते. दोन दाण्यांच्या नोंदी दाट असून नेहमीच चारपेक्षा कमी भरतात, सहा दाण्यांच्या नोंदी पसरलेल्या असून त्यांतल्या काही चारच्या नोंदींपेक्षा कमी भरतात, आणि म्हणून अनिश्चित बाजू निम्म्याहून अधिक वेळा ‘कमी’ वाटते. विलंब कमी हवा असतो आणि अन्न अधिक हवे असते, एवढ्या एका फरकामुळे एकच मोजमाप एका ठिकाणी धाडस आणि दुसऱ्या ठिकाणी सावधपणा उत्पन्न करते. प्राण्याचा स्वभाव दोन प्रकारचा मानण्याची गरज या मांडणीत उरत नाही.

याच प्रश्नाकडे गरजेच्या बाजूनेही पाहता येते, हे विसरून चालणार नाही. थॉमस कॅराको यांनी जंको या लहान अमेरिकी पक्ष्यांवर १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, हवा १९ अंश सेल्सिअस असताना पक्षी निश्चित वाट्याकडे झुकत आणि ती १ अंशावर आणली, की अनिश्चित वाट्याकडे वळत. थंडीत शरीराची उष्णता राखण्यासाठी लागणारे अन्न निश्चित बाजूने पुरत नसेल, तर मोठ्या वाट्याच्या शक्यतेवर विसंबणे हाच रात्र काढण्याचा मार्ग उरतो. मोजमापाची रचना आणि पोटाची निकड, अशी दोन्ही कारणे आपापल्या जागी काम करत असतात.

रानातील हिशेब

प्रयोगपेटीबाहेर निवड सहसा दोन चकत्यांमध्ये नसते, ती ‘येथे थांबावे की पुढे जावे’ अशी असते. एका झुडपातील किडे टिपत गेल्यावर पुढचा किडा मिळायला अधिकाधिक वेळ लागतो. अशा वेळी ते ठिकाण केव्हा सोडावे याचे उत्तर एरिक चार्नोव्ह यांनी १९७६ मध्ये सीमांत मूल्याच्या प्रमेयाने दिले. एका ठिकाणचा क्षणिक मिळकतीचा दर प्रवासासह धरलेल्या सर्वसाधारण दराइतका खाली आला, की तेथून निघणे सर्वांत फायद्याचे, असे ते प्रमेय सांगते; आणि त्यावरून असेही निघते, की जागा दूर असेल तर प्रत्येक खेपेला तेथे अधिक काळ थांबावे. काचेल्निक यांनी पिलांना भरवणाऱ्या रानातील स्टार्लिंगवर हे पडताळून पाहिले. पक्ष्यांना एका थाळीत अळ्या टिपण्यास शिकवून त्या थाळीत नळीवाटे एकेक अळी वाढत्या कालांतराने सोडली, आणि थाळी घरट्यापासून ८ ते ६०० मीटर अंतरांवर ठेवली. अंतर वाढत गेले तसतसा पक्षी एका खेपेला अधिक अळ्या नेऊ लागला, आणि तो वाढावा प्रमेयाच्या अपेक्षेशी जुळला.

ठिकाण संपले आहे, हे ओळखण्यातही घड्याळच उपयोगी पडते. दानी ब्रुनर, काचेल्निक आणि गिबन यांनी १९९२ मध्ये अशी व्यवस्था केली, की एका ठिकाणी ठरावीक कालांतराने दाणे मिळत आणि मग अचानक, कोणतीही खूण न देता बंद होत. स्टार्लिंग नेहमीचे कालांतर उलटून गेल्यावरही काही काळ वाट पाहत आणि मगच निघून जात. ही जादा प्रतीक्षा नेहमीच्या कालांतराच्या प्रमाणात वाढत असे. आपल्या घड्याळात चूक आहे हे पक्ष्याच्या वागण्यात जणू जमेस धरलेले असते : माप जितके ढोबळ, तितकी सवलत मोठी.

एका वेळी अनेक काळ लक्षात ठेवण्याची क्षमताही काही प्राण्यांत आहे. कॅनडातील रॉकी पर्वतात रूफस हमिंगबर्ड या इवल्या पक्ष्यांना आठ कृत्रिम फुले देण्यात आली, त्यांतली चार रिकामी केल्यापासून १० मिनिटांनी आणि चार २० मिनिटांनी पुन्हा भरली जात. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात पक्षी १० मिनिटांच्या फुलांकडे लवकर आणि २० मिनिटांच्या फुलांकडे उशिरा परतू लागले, म्हणजे कोणते फूल आणि ते आपण केव्हा रिते केले, या दोन्हींची नोंद ते ठेवत होते. निकोला क्लेटन आणि अँथनी डिकिन्सन यांनी १९९८ मध्ये कावळ्याच्या कुळातील स्क्रब जे या पक्ष्यांवर केलेला प्रयोग याहून लांब पल्ल्याचा आहे. या पक्ष्यांना पुरून ठेवलेले मेणकिडे शेंगदाण्यांपेक्षा अधिक आवडतात, पण मेणकिडे कुजतात. पुरून ४ तास झाले असतील तर पक्षी मेणकिड्यांकडे गेले आणि १२४ तास झाले असतील तर त्यांना वगळून थेट शेंगदाण्यांकडे गेले. ज्या पक्ष्यांना किडे कुजल्याचा अनुभवच दिला नव्हता ते मात्र दोन्ही वेळा किडेच शोधत राहिले. येथे काळ बक्षिसाची किंमत नुसती घटवत नाही, तो दोन बक्षिसांचा क्रमच उलटवतो.

जातीजातींतील धीर

वजावटीचा वेग सर्व प्राण्यांत सारखा नसतो, आणि जवळच्या नात्यातील जातींची तुलना येथे उद्बोधक ठरते. जेफ्री स्टीव्हन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दक्षिण अमेरिकेतील दोन लहान माकडांना लगेचच्या दोन आणि विलंबाने मिळणाऱ्या सहा गोळ्यांमध्ये निवड करू दिली. टॅमरिन सरासरी सुमारे ८ सेकंद आणि मार्मोसेट सुमारे १४ सेकंद थांबण्यास तयार झाले. देहाचा आकार, मेंदू, कुटुंबजीवन यांत दोघे पुष्कळ सारखे आहेत. फरक आहे तो उपजीविकेत. मार्मोसेट झाडाची साल कुरतडून डिंक पाझरेपर्यंत वाट पाहतो, तर टॅमरिन किड्यांवर झडप घालतो, आणि तेथे थांबणे म्हणजे गमावणे होय. अलेक्झांड्रा रोझाटी आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये केलेल्या अशाच तुलनेत बोनोबो सुमारे सव्वा मिनिट आणि चिंपांझी सुमारे दोन मिनिटे थांबले.

धीर ही केवळ सस्तन प्राण्यांची किंवा पक्ष्यांची मिरास नाही, हे अलेक्झांड्रा श्नेल आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दाखवून दिले. कोकणच्या किनाऱ्यावर मिळणाऱ्या माकुलांच्याच वर्गातील कटलफिश आवडत्या जिवंत कोळंबीसाठी समोरचे कमी आवडीचे खाद्य सोडून ५० ते १३० सेकंद थांबले. हा प्राणी बराचसा काळ रंग बदलून निश्चल पडून असतो आणि हालचाल केली, की शत्रूच्या नजरेस पडतो. त्यामुळे योग्य वेळी बाहेर पडण्याला त्याच्या जीवनात मोल असावे, असा अर्थ संशोधकांनी सुचवला आहे.

उतावळेपणा कोठे फायद्याचा ठरतो

जर वजावटीमुळे मोठा वाटा हातचा जात असेल, तर निसर्गनिवडीने ती टिकवली कशी, हा प्रश्न उरतोच. शिकारी प्राणी, स्पर्धक किंवा अकाली मृत्यू यांमुळे उशिराचे बक्षीस हाती न लागण्याचा धोका असतो, हे एक उत्तर. परंतु काही सेकंदांत इतका धोका नसतो, की तेवढ्याने मोल निम्म्यावर यावे. डेव्हिड स्टीफन्स आणि डॅक अँडरसन यांनी २००१ मध्ये ब्लू जे या पक्ष्यांवर केलेल्या प्रयोगातून अधिक समाधानकारक उत्तर पुढे आले. त्यांनी तेच वाटे आणि तेच विलंब दोन प्रकारांनी मांडले. पहिल्या प्रकारात नेहमीची दोन पर्यायांमधील निवड होती, आणि तीत पक्षी उतावळे ठरले. दुसऱ्या प्रकारात पक्ष्याला आधी लहान वाटा मिळे आणि मग ‘येथेच थांबून आणखी घ्यावे की नव्या ठिकाणाकडे निघावे’ एवढाच निर्णय करायचा असे. येथे त्यांचे वागणे दीर्घकालीन फायद्याच्या बरेच जवळ आले.

याचे गणित सरळ आहे. ठिकाण सोडताना पक्ष्याने ‘पुढचा घास किती आणि तो किती वेळाने’ एवढाच नजीकचा दर दोन्ही बाजूंनी काढला, तर सोडण्याच्या बाजूला प्रवासासह नव्या ठिकाणचा दर येतो आणि थांबण्याच्या बाजूला वाढीव अन्नाचा वाढीव काळाशी असलेला दर येतो. या दोहोंतला मोठा निवडणे म्हणजेच दीर्घकाळात सर्वाधिक मिळकत करणे होय. जवळचेच पाहणारा नियम ज्या परिस्थितीत घडला त्या परिस्थितीत दूरचेही साधतो. प्रयोगपेटीतील कृत्रिम निवडीत मात्र खाऊन झाल्यानंतर पुढची फेरी सुरू होईपर्यंतचा काळ हिशेबात धरला तरच मोठा वाटा फायद्याचा ठरतो, आणि नेमका तोच काळ प्राणी फारसा हिशेबात धरत नाहीत. मेलिसा बेटसन आणि काचेल्निक यांना स्टार्लिंगमध्ये हेच आढळले : पक्षी निवडीपासून अन्नापर्यंतचा काळ मोजतात, अन्नानंतरचा नव्हे. रीसस माकडांवरील प्रयोगांत अन्नानंतरचा हा काळ डोळ्यांना दिसेल अशा खुणेने दाखवला, तेव्हा त्यांचा उतावळेपणा पुष्कळ कमी झाला.

मेंदूतील नोंद

मोल आणि वेळ यांची सांगड मेंदूत कोठे पडते, याचा माग डोपामाइन वापरणाऱ्या चेतापेशींपर्यंत जातो. वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरील प्रयोगांत असे दिसले, की अनपेक्षित रसाचा थेंब मिळाला असता या पेशी जोराने कार्यरत होतात. खुणेनंतर रस मिळतो हे कळल्यावर त्यांचा प्रतिसाद खुणेकडे सरकतो. आणि अपेक्षित रस आला नाही तर नेमक्या त्या नेहमीच्या क्षणी त्यांची क्रिया मंदावते. या पेशी केवळ ‘काय’ नव्हे, तर ‘केव्हा’ याचीही अपेक्षा बाळगतात, हे त्या मंदावण्यावरून कळते. शुन्सुके कोबायाशी आणि शुल्ट्झ यांनी २००८ मध्ये दाखवले, की खुणेने सूचित केलेला विलंब वाढवत नेला, की या पेशींचा प्रतिसाद जवळजवळ अपास्ताच्याच वळणाने उतरतो. रूडॉल्फ कार्डिनल आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये उंदरांच्या मेंदूतील न्यूक्लियस अक्यूम्बेन्स या भागाचा गाभा निकामी केला, तेव्हा ते उंदीर उशिराच्या मोठ्या वाट्यापेक्षा लगेचचा लहान वाटाच सातत्याने घेऊ लागले. घड्याळाची गती बदलणारे आणि बक्षिसाचे मोल वाहणारे रसायन एकच असावे, ही गोष्ट दोन्ही हिशेब एकत्र चालतात या निष्कर्षाला पोषक आहे.

या सर्व पुराव्यांवरून एक व्यावहारिक दंडक निघतो. एखाद्या प्राण्याला उतावळा किंवा धीराचा ठरवण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्या लागतात : प्रयोगात त्याला कोणता काळ मोजता येत होता आणि कोणता त्याच्या नजरेआड राहिला, त्या लांबीचा काळ मोजताना त्याच्या घड्याळाची चूक किती असते, आणि रानात त्याची उपजीविका कोणत्या प्रकारच्या प्रतीक्षेवर चालते. कबुतराने ४ सेकंद न थांबणे आणि चिंपांझीने दोन मिनिटे थांबणे यांत सद्गुणाचा फरक शोधणे म्हणूनच व्यर्थ आहे; अन्नाला काळाने भागण्याची मूळ रीत दोघांत एकाच वळणाची असावी, बदलतो तो मोजायला मिळालेला काळ आणि त्या जातीने पिढ्यान्‌पिढ्या ज्या कामासाठी तो मोजला ते काम.